गिटारचं खोकं: पहिलं स्पीकर कॅबिनेट निवडताना आणि बांधताना

आपल्या खान्देशात ‘बारा इंची स्पीकर’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे वरातीतली डीजेची गाडी उभी राहते. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठेही जा, पेट्या ठोकणारे सुतार सापडतात आणि त्यांचा हातही तयार असतो. अडचण एवढीच, की त्यांच्या सवयीची पेटी आणि गिटारला लागणारी पेटी या दोन वेगळ्या जाती आहेत. डीजेच्या पेटीने आत आलेला आवाज जसाच्या तसा, मोठा करून बाहेर टाकायचा असतो. गिटारचं कॅबिनेट तेवढं प्रामाणिक नसतं. ते आवाजात पदरचं काही घालतं, बरंच काही गाळून टाकतं, आणि त्यामुळेच गिटार कानाला गिटारसारखी लागते.

मी भुसावळचा. स्वतःसाठी आणि ओळखीच्या पोरांसाठी मिळून आजवर अकरा कॅबिनेटं बांधली. त्यातली पहिली दोन वाया गेली. एकदा भोकाचं माप चुकलं, एकदा डीजेच्या पेटीचं शहाणपण गिटारला लावलं. ते कसं ते पुढे येईलच.

आधी अँपची पाठ वाचा

नवा पोरगा विचारतो, “दादा, कोणतं कॅबिनेट घेऊ?” मी उलट विचारतो, “अँपच्या मागे काय लिहिलंय?” अँप म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. बहुतेकांनी त्याची ती बाजू कधी पाहिलेलीच नसते. स्पीकरच्या जॅकपाशी दोन आकडे छापलेले असतात, एक वॅटचा आणि एक ओमचा. अँप किती जोर लावू शकतो ते वॅट सांगतात. त्याच्यासमोर स्पीकरचा किती अडथळा हवा ते ओम सांगतात. रंग, जाळी, कोपऱ्यांचं पितळ हे सगळं त्यानंतर.

गिटारचे स्पीकर ४, ८ किंवा १६ ओमचे असतात. ट्रान्झिस्टरच्या अँपवर ‘मिनिमम ४ ओम’ किंवा ‘मिनिमम ८ ओम’ असं लिहिलेलं असेल तर त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलेलं चालतं, जोर थोडा कमी निघतो इतकंच. खाली गेलात की अँपमधून झेपेल त्याहून जास्त करंट ओढला जातो आणि अँप तापतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना त्याला आणखी तापवण्यात शहाणपण नाही. ट्यूबच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अँपचं शास्त्र अधिक कडक आहे. तिथे अँपचा ओम आणि कॅबिनेटचा ओम जुळवायचा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अँप वाजवायचा नाही. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकून घरचे गिटारच विकायला काढतात.

एकापेक्षा जास्त स्पीकर असतील तर शाळेच्या विज्ञानातलं गणित काढा. ८ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, की ४ ओम होतात. तेच एकामागे एक जोडले की १६. चार स्पीकरच्या पेटीत १६ ओमचे चार घेऊन दोन-दोन एकामागे एक जोडायचे आणि त्या दोन जोड्या समांतर करायच्या. उत्तर पुन्हा १६ येतं. एकामागे एक जोडणीत एक स्पीकर गेला की दुसराही मुका होतो, हे लक्षात असलेलं बरं. ऐन कार्यक्रमात दोन्ही गेले असं समजून लोक घाबरतात.

वॅटचं सोपं आहे. स्पीकरचा आकडा अँपपेक्षा मोठा ठेवा. ट्यूब अँप पूर्ण पिळला, म्हणजे आवाज शेवटपर्यंत चढवला, की लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त जोर काढतो, म्हणून १५ वॅटच्या ट्यूब अँपला मी ३० वॅटच्या खालचा स्पीकर लावत नाही. एकाच पेटीत सारख्याच ओमचे पण एक २५ वॅटचा आणि एक ६० वॅटचा असे दोन स्पीकर असतील तर पेटी ८५ वॅटची होत नाही. दोघांच्या वाट्याला सारखाच जोर येतो, म्हणून पेटीची ताकद दुबळ्याच्या दुप्पट, ५० वॅट.

स्पीकर

गिटारची जाड तार, खालची ई, ८२ हर्ट्झला वाजते. गिटारचा स्पीकर साधारण तिथून सुरू होतो आणि वर ५,००० हर्ट्झच्या आसपास दम सोडतो. हा त्याचा दोष नाही, हाच त्याचा गुण. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, वरच्या पट्टीत जी माशी घोंघावल्यासारखी खरखर तयार होते ती स्पीकर गाळून टाकतो. म्हणून गिटारच्या कॅबिनेटमध्ये ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, नसतो, आणि जाड-बारीक सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हरही नसतो. दुकानदार “त्याच पैशात ट्विटरवाला देतो ना” म्हणाला तर हात जोडा. डिस्टॉर्शन लावून ट्विटरमधून एकदा गिटार ऐका, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी लागेल.

उलटंही तितकंच खरं. गिटारच्या स्पीकरमधून दुसरं काही वाजवू नका. त्याचा कागदी कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा भाग, हलका असतो आणि फार पुढे-मागे हलायला बनवलेला नसतो. चाळीसगावकडच्या एका गावात हळदीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. ऐनवेळी ऑक्टोपॅडवाल्याचा स्पीकर बिघडला आणि कुणीतरी मला न विचारता त्याची वायर माझ्या अँपमध्ये खुपसली. मी तोवर शेवभाजीवर बसलेलो. परत आलो तर ढोलच्या प्रत्येक थापेला कोन कोंबडीच्या गळ्यासारखा बाहेर येत होता. दुसऱ्या दिवशी घरी तोच स्पीकर गिटारला कुरकुरायला लागला, व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागचं तारेचं वेटोळं, आत घासत होती. बास गिटारबद्दलही हाच इशारा. बासला बासचंच कॅबिनेट लागतं.

नावांकडे येऊ. इंग्लंडची सेलेशन कंपनी आणि मूळच्या अमेरिकेच्या एमिनन्स, जेन्सन ही नावं तुम्ही ऐकाल. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे, आवाजाने मऊ, पिळला की गोड फाटतो. व्हिंटेज ३० च्या नावाने नवखे हमखास फसतात. नावात ३० असलं तरी तो ६० वॅटचा स्पीकर आहे, १९८६ साली आला, आणि त्याचा मधला भाग चांगलाच पुढे येतो. ज्या बँडमध्ये कीबोर्ड आणि ब्रास दोन्ही आहेत तिथे गिटार हरवू नये म्हणून मी हाच सुचवतो. घरात एकट्याने वाजवणाऱ्याला मात्र तो टोचतो.

स्पीकरच्या कागदावर डेसिबलचा एक आकडा असतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज, असा तो हिशेब. लोक याकडे ढुंकून बघत नाहीत आणि नंतर मोठा अँप घ्यायला निघतात. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर अँपचे वॅट दुप्पट करावे लागतात. व्हिंटेज ३० चा आकडा १०० आहे आणि सेलेशनच्याच ६५ वॅटवाल्या क्रीमबॅकचा ९७. म्हणजे त्याच २० वॅटच्या अँपला क्रीमबॅकच्या जागी व्हिंटेज ३० लावला तर ४० वॅटचा अँप घेतल्याइतका फरक पडतो. अँप बदलण्याआधी स्पीकर बदलून बघा, असं मी म्हणतो ते यामुळे.

पाठ उघडी की बंद

स्पीकरचा कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते. दोन्ही बाजूंना आवाज आहे, फक्त एकमेकांच्या उलटा. पेटीची पाठ उघडी ठेवली तर मागचा आवाज कडेने वळून पुढे येतो आणि खालच्या पट्टीत पुढच्याला मारतो, म्हणून बेस पातळ होतो. बदल्यात मागचा आवाज भिंतीवर आपटून खोलीभर पसरतो आणि गिटार मोकळी, हवेशीर लागते. पाठ बंद केली की मागचा आवाज आतच कोंडतो. खालचे सूर घट्ट आणि ठोसेबाज होतात, आणि आवाज एका दिशेला, समोर, जातो.

खोक्याने किती फरक पडतो याचं उदाहरण गिटारच्या इतिहासातच आहे. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांच्याकडे जेटीएम ४५ हा अँप तयार झाला. त्याचं सर्किट जवळजवळ १९५९ च्या फेंडर बासमनचंच होतं. पण बासमनमध्ये उघड्या पाठीच्या पेटीत दहा इंची चार स्पीकर होते, आणि मार्शलने बंद पाठीच्या वेगळ्या पेटीत बारा इंची चार बसवले. ट्यूबांमध्ये आणि भागांमध्येही थोडा फरक होता, नाही असं नाही. तरी सर्किट एकाच घराण्यातलं असून दोन अँप एवढे निराळे का वाजतात, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा हिस्सा त्या खोक्यात आहे.

म्हणून सगळ्यांना चार बाराचं कॅबिनेट हवं असतं. फोटोत दिसतंही भारी. पण ते पस्तीस किलोच्या घरात जातं, जिन्यावरून चढवायला दोघं लागतात, आणि नेण्यासाठी दर वेळी छोटा हत्ती बोलवावा लागतो. आपल्याकडच्या मंगल कार्यालयात तेवढा आवाज करायला आयोजक देतच नाहीत, गिटार शेवटी माइकमधूनच जाते. पहिलं कॅबिनेट एका बारा इंचीचं करा. स्कूटीच्या पायदानावर बसतं, आणि दुसऱ्या दिवशी कंबर आपली असते.

पाठीचा प्रश्न मी असा सोडवतो. मागची फळी तीन आडव्या पट्ट्यांत करायची, वरची आणि खालची कायमची, मधली स्क्रूवर. मधली काढली की उघडी पाठ, लावली की बंद. दोन्ही ऐकून ठरवा. लेख वाचून कान तयार होत नाहीत.

माप आणि लाकूड

एका बारा इंचीला बंद पाठीत ४० ते ६० लिटर हवा पुरते. मी बाहेरून रुंदी २० इंच, उंची १८ इंच, खोली १२ इंच धरतो. पाऊण इंची म्हणजे १८ मिमी प्लाय वापरला आणि समोरची फळी इंचभर आत बसवली की आत जवळपास ५० लिटर उरतात. याच्यात इंच-दोन इंच इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. डीजेच्या बेसच्या पेटीत लिटरमागे गणित असतं, इथे तेवढं नाही.

प्लाय १८ मिमीचाच घ्या, आणि घेताना कडेने बघा. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तो परत ठेवा, कारण प्रत्येक पोकळी पुढे कुठल्यातरी सुराला खुळखुळते. बोटाच्या पेराने फळी ठोकत जा, आवाज कुठे बदलतो ते कळतं. विलायतेत बर्चचा प्लाय चालतो, पण आपल्याकडे मिळणारा चांगला हार्डवुडचा वॉटरप्रूफ प्लाय काम झकास करतो. पाइनची फळी हलकी असते, उघड्या पाठीला मला ती आवडते. एमडीएफ नको. जड असतो, कोपरा एकदा आपटला की भुगा होतो, आणि श्रावणात कानबाईच्या कार्यक्रमाला पावसात भिजला की फुगतो. सातपुड्याच्या सागाचा मोहही आवरा. साग सुंदर, पण रुंद फळी हवेप्रमाणे कमी-जास्त होते, आणि त्यातल्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. खाली पाय करायला वापरा हवा तर.

कापायचे तुकडे असे: वरची आणि खालची फळी प्रत्येकी २० × १२ इंच, बाजूच्या दोन १२ इंच रुंद, समोरची एक, आणि मागच्या तीन पट्ट्या. बाजूच्या फळ्यांची उंची सांध्यावर ठरते, वर-खालच्या फळ्यांच्या मध्ये बसणार असतील तर साडेसोळा इंच. समोरची साडेअठरा × साडेसोळा येते, पण तो आकडा मी कागदावरून कधी कापत नाही. चौकट चिकटली की आतून मोजून मगच कापतो. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये दोन कॅबिनेटं निघतात आणि वर तुकडे उरतात. मित्राला पटवा आणि अर्धा खर्च त्याच्या माथी मारा.

सुताराकडे गेलो तेव्हाचा पहिला प्रश्न अजून आठवतो. त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हाई खोकं कसाले जोयजे भो? कोंबड्या ठेवाले का?” हसलो दोघंही. मग त्याने ऐकलं ‘बारा इंची स्पीकर’, आणि मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात फळीत बरोब्बर बारा इंचाचं भोक पाडून ठेवलं. तीच माझी पहिली वाया गेलेली पेटी. बारा इंची म्हणजे स्पीकरची बाहेरची कड, ती ३०९ मिमी असते. बोल्टांचं वर्तुळ २९७ मिमीवर येतं. माझ्या भोकात बोल्ट हवेत लटकत होते.

भोक लागतं २८३ मिमीचं. सुताराला मिलिमीटर सांगू नका, “अकरा इंच एक सूत” सांगा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर्तुळ आखायला कंपास नसला तरी अडत नाही. पातळ पट्टीला एका टोकाशी खिळा, तिथून साडेपाच इंच अर्ध्या सुतावर पेन्सिलचं भोक, आणि फिरवा. कंपनी बदलली की माप थोडं सरकतं, म्हणून स्पीकर हातात आल्यावरच भोक पाडायचं.

चौकटीचे सांधे बोटं गुंफल्यासारखे खाचांचे केले तर उत्तम, पण त्याला राउटर किंवा निवांत सुतार लागतो. नसेल तर फळ्या सरळ टेकवा, भरपूर फेव्हिकॉल, बाहेरून स्क्रू, आणि आतल्या चारही कोपऱ्यांत पाऊण इंची पट्टी चिकटवा. सरस ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात, काटकोनात, आहे. एका सुताचाही फरक असेल तर तेव्हाच दाबून सरळ करा, रात्र गेली की पेटी आयुष्यभर तिरकी राहते.

दुसरी पेटी कशी गेली ते सांगायचं राहिलं. सुतार निराळा होता, आणि सवय डीजेच्या पेट्यांची. सगळं मापात केलं, आणि शेवटी मला विचारल्याशिवाय समोर खाली दोन गोल भोकं पाडून पाइप बसवले. “बेस यायला पाहिजे ना भो!” बेस आला. खालच्या ई तारेवरचा प्रत्येक सूर रिकाम्या टाकीत बोलल्यासारखा घुमायला लागला, बाकीच्या तारा त्यात बुडाल्या. पाइपची पेटी गिटारला अजिबात चालत नाही असं नाही, पण स्पीकरचे आकडे, पेटीचे लिटर आणि पाइपची लांबी यांची सांगड घालावी लागते. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते गणित मांडून ठेवलं आहे. पहिल्या पेटीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

स्पीकर बसवताना

स्पीकर सगळ्यात शेवटी बसवायचा. स्पीकर आत असताना ड्रिल चालवायचं नाही, हा माझ्याकडचा एकमेव कडक नियम. मॅग्नेट लोखंडाचा कीस ओढून घेतो आणि तो कॉइलच्या फटीत गेला की निघत नाही.

बोल्टांसाठी समोरच्या फळीत टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारे दातेरी नट, ठोका, लाकडाचे स्क्रू दोनदा काढले की सैल होतात. बोल्ट आवळताना ट्रकच्या चाकाचे आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. एक बाजू आधी घट्ट केली तर स्पीकरची पत्र्याची चौकट पिळते. आणि डाव्या हाताचा पंजा कायम कोनावर धरा. पेचकस सटकतो तेव्हा हातावर ओरखडा उठतो, तो भरतो. कोनाचं भोक भरत नाही. मी एकदा पावणेदहाला सटकवला होता, दहाला लोड-शेडिंग होणार म्हणून घाई केली होती.

वायर दीड चौरस मिमीची तांब्याची, दुपदरी. गिटार ते अँप जी शिल्ड केलेली केबल असते ती अँप ते कॅबिनेट वापरू नका. दोन्हींना जॅक एकच असतो म्हणून लोक गफलत करतात. ती बारीक असते, जोर वाहायला बनलेली नसते.

जॅक बसवल्यावर दोन चाचण्या. मल्टिमीटरने ओम मोजा. ८ ओमच्या कॅबिनेटला मीटर ६ ते ७ दाखवेल, १६ ला १२-१३. कमी दिसतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. मग भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या, प्लसला प्लस क्षणभर टेकवा. कोन पुढे यायला हवा. दोन स्पीकर असतील तर दोघांनी एकाच बाजूला हलायला हवं, नाहीतर एक दुसऱ्याचा बेस खाऊन टाकतो आणि तुम्ही महिनाभर अँपची बटणं पिळत बसता.

आत भरण काय घालायचं? बंद पेटीत मागच्या फळीला रजईतल्या पॉलिस्टरचा एक पातळ थर पुरे, तोही ऐकून वाटलं तर. उघड्या पाठीत काहीच नको. आमच्या एका मित्राने घरचा कापूस कोंबला होता, जिल्हा कपाशीचा म्हणून. दिवाळीपर्यंत त्यात उंदराने संसार थाटला.

समोरचं कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला वारा लागला पाहिजे. ब्लाउजच्या अस्तराचं कापड या परीक्षेत नापास होतं, विणलेलं स्पीकरचं कापड पास. ताणून बसवा, ढिलं कापड खालच्या सुरांना फडफडतं. बाहेरून रेक्झिन लावणार असाल तर ते हिवाळ्यात लावा. आणि उन्हाळ्यात पेटी पत्र्याच्या टपाच्या गाडीत दुपारभर ठेवू नका, सरस मऊ पडतो आणि कोपऱ्यावरचं रेक्झिन केळीच्या सालीसारखं सुटतं.

पहिला आवाज

सगळं जुळल्यावर लगेच सोलो मारू नका. क्लीन आवाजावर जाड तारेपासून एकेक फ्रेट चढत जा, प्रत्येक सूर पुरता वाजू द्या. कुठेतरी एका सुराला झर्रर्र येईलच. तो सूर धरून ठेवायला कुणाला तरी सांगा आणि तुम्ही हात फिरवा. हँडल, जॅकची पट्टी, कापडाची चौकट, मागची मधली फळी, कोनाला टेकलेली वायर. जिथे हात ठेवल्यावर झर्रर्र थांबते तिथे फेल्टची पट्टी किंवा अर्धा आटा. माझ्या अकरांपैकी सात पेट्यांत दोषी मधली फळीच निघाली, म्हणून आता मी तिच्या कडेला आधीच फेल्ट लावतो.

नवा स्पीकर थोडा ताठर वाजतो. काही तास वाजवल्यावर कोनाची कड सैलावते, तोवर त्याच्यावर निकाल देऊ नका.

आवाजाचे वरचे सूर बारा इंची कोनातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ निघतात. पेटी जमिनीवर आणि तुम्ही उभे असाल तर झोत गुडघ्यांवर पडतो. तुम्हाला आवाज दबका वाटतो, ट्रेबल वाढवता, आणि पहिल्या रांगेतल्या काकांचे कान सोलून निघतात. पेटी मागे तिरकी करा किंवा खुर्चीवर ठेवा. उघड्या पाठीची असेल तर भिंतीपासून हात-दीड हात पुढे. माइक लावायचा तर शुअरचा एसएम ५७ मध्यभागी न रोखता मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीला जवळजवळ टेकून. तिथून अंगठ्याएवढा बाहेर सरकवला तरी आवाज मऊ होतो. साउंडवाल्याकडे हा माइक बहुधा असतोच, पण तो निवेदकाच्या हातात गेलेला असतो.

मल्टी-इफेक्ट प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यात ‘कॅब’ नावाचं नकली कॅबिनेट असतं. खऱ्या गिटार कॅबिनेटमध्ये वाजवताना ते बंद करा, थेट मिक्सरमध्ये जाताना चालू करा. उलटं केलंत तर पहिल्या वेळी रजईखालून आवाज येतो, दुसऱ्या वेळी ती आधीची माशी परत येते.

जुनं घेत असाल तर

बांधायचं नसेल तर वापरलेलं घ्या, लाज नाही. बघायला जाताना मीटर, सेल आणि स्वतःची गिटार न्या. कोनाच्या दोन्ही बाजूंना बोटांची टोकं ठेवून अलगद, सारखा दाब द्या. आत खसखस ऐकू आली तर कॉइल घासतेय, नमस्कार करून निघा. पाठ उघडून वास घ्या. करपलेला वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. मग स्पीकरवरचा ओमचा शिक्का आणि जॅकवर येणारा आकडा जुळतो का बघा. जुन्या पेट्यांत कुणीतरी कधीतरी एक स्पीकर बदललेला असतो, आणि ८ च्या शेजारी १६ चा बसलेला सापडतो. तशी पेटी वाजते, पण दोघांना जोर सारखा मिळत नाही. समांतर जोडणीत ८ वाला १६ वाल्याच्या दुप्पट जोर खातो आणि आधी तोच जातो. भाव पाडायला हे पुरेसं कारण आहे.